सावडीचं माहजाँग

पूर्व

दिनकरराव येलदरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले. बायको गेल्यापासून एकटे राहतात. मुलगी अर्पिता सिंगापूरला असते. तिनं माहजाँगची पेटी पाठवली; सोंगट्यांचा चिनी खेळ, चार दिशांना चौघं बसतात. पेटीमागून अट आली.

"बाबा, रविवारी व्हिडिओ कॉल करीन. चार माणसं बसून खेळताना दिसली तर राहा तिथंच. नाहीतर तुमचं तिकीट काढते."

दिनकरराव सिंगापूरला एकदा जाऊन आलेत. बसायला पार नव्हता. लिफ्ट होती.

दक्षिण

रिकामी. पारावर पेटी उघडली तेव्हा दक्षिणेला बसवलेल्या किशनरावांनी एक सोंगटी दातानं चावून पाहिली.

"चिनी माल. टिकायचा न्हाई," म्हणाले, आणि उठून गेले.

पश्चिम, उत्तर (आणि दक्षिणही, एकदाची)

शेजारच्या मालनबाईंना त्यांनी खेळायला बोलावलंच नाही. माझं काम अडलंय, एवढंच सांगितलं.

"मग आदी सांगायचं की. सावड करू. आज आमी तुमच्याकडं, उद्या तुमी माज्या तुरीला."

मालनबाईंनी धरणात मासे धरणारा बन्सीधर आणला. शाळेतले सुगत सर आणले. कुणीही काय काम आहे विचारलं नाही.

नियम

दिनकररावांनी समजावले. आपापल्या सोंगट्या झाकून ठेवायच्या. सारख्या किंवा ओळीतल्या सोंगट्यांची जुळणी करायची. नको ती टाकायची. ज्याची जुळणी आधी पूर्ण, तो जिंकला.

सोंगटीवरचा "बांबू" मालनबाईंना पटला नाही. तो ऊस झाला. गोल चित्रं भाकरी झाली. चिनी अक्षरांना सुगत सर तलाठ्याचं अक्षर म्हणाले.

पूर्व, पुन्हा

रविवार. फोन दिनकररावांच्या घरात, त्यांच्या पाठीमागं कोनाड्यात. अर्पिताला बापाच्या सोंगट्या स्वच्छ दिसत होत्या. सासरी ती दर शनिवारी खेळते.

"बन्सी, तुला काय कमी हाय?" मालनबाई म्हणाल्या.

"दोन भाकरीची सोंगटी."

"ही घे. माज्याकडं पडूनच हाय."

"मालनबाई, असं द्यायचं नसतं," दिनकरराव दातांतल्या दातांत म्हणाले.

"का? तुमचं काय जायलंय?"

बन्सीधरची जुळणी पूर्ण झाली. तो जिंकला. पण उठला नाही. सरांच्या सोंगट्यांवर वाकला आणि त्यांना काय लागतं ते बघू लागला.

"बाबा," फोनमधून आवाज आला. "हे माहजाँग नाही."

दिनकररावांनी मान वळवली नाही. त्यांना लिफ्ट दिसली.

"जिंकलं ना कुणीतरी? मग थांबायचं असतं."

"का थांबायचं, बाई?" मालनबाई फोनला म्हणाल्या. "एकाचं रान खुरपून झालं म्हणून बाकीचे घरी जातेत व्हय? सगळ्यांचं झाल्याबिगर कोन उठत न्हाई."

पडद्यावर अर्पिता पुढं वाकली, बापाच्या सोंगट्या मोजू लागली.

"मालनमावशी," अर्पिता म्हणाली, "बाबांना पाच उसांची सोंगटी कमी आहे."

"आन् हे मघापासनं तोंड शिवून बसलेत!" मालनबाईंनी सोंगटी सरकवली. "घ्या. लाजायलेत कशाला?"

"ते तिकिटाचं..." दिनकरराव म्हणाले.

"कसलं तिकीट? उद्या तुरीला यायचंय तुमाला. परवा बन्सीची जाळी."

"आणि त्यानंतर?" अर्पितानं विचारलं.

"सरांच्या घरावर पत्रे."

"बरं," अर्पिता म्हणाली. "मग तिकीट राहू दे."

तिनं फोन ठेवला नाही. सरांचं अजून व्हायचं होतं.