रक्ताच्या पिशवीवरच्या रेघा

"जागा नाही म्हणे! बोटभर चिठ्ठी छापायला कसली जागा लागते या डब्याला?" रक्तपेढीच्या खिडकीशी सिस्टर पुटपुटल्या. आत ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई होती आणि चिठ्ठी लावल्याशिवाय रक्ताची पिशवी हलत नव्हती.

मित्रांनो, तो डबा म्हणजे माझं घर. मी एक जुनं पॅकेज आहे, म्हणजे संगणकात राहून दुसऱ्या प्रोग्रॅमना मदत करणारा छोटासा प्रोग्रॅम. आकडा मिळाला की चिठ्ठीवर त्याच्या उभ्या काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, काढायच्या, एवढंच माझं काम.

मला इथे आणलं ते एका मोठ्या प्रोग्रॅमच्या सोबतीला. त्याचं माझ्यावाचून पान हलत नसे. कोण कुणावर अवलंबून आहे याची संगणक नोंदवही ठेवतो. तिच्यात तशी नोंदही झाली. पुढे तो प्रोग्रॅम म्हातारा झाला, काढला गेला, नोंद पुसली. माझं काम मात्र थांबलं नाही. संगणक सांभाळणाऱ्या काकांनी चिठ्ठ्या छापायचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता आणि तो माझ्याच भरवशावर चाले. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. पण घाईत काकांनी तो थेट आत ठेवला, नोंदवहीला न कळवता. रोज पिशव्यांवर माझ्या रेघा, आणि वहीच्या लेखी मी बिनकामाचं!

आज संगणकाची डिस्क काठोकाठ भरली आणि चिठ्ठ्या छापणं अडलं. जागा करायला काकांच्या हाताखाली शिकलेल्या ताईंनी कुणालाच न लागणाऱ्या पॅकेजेसची यादी काढली. सतरा नावं. नववं माझं.

"काका, यातलं काही लागतं का हो?"

"वही नको म्हणतेय ना? मग नको." काका चष्मा पुसू लागले. "नोंदीशिवाय आत काही येत नाही. किती वेळा शिकवलंय तुला?"

"शिकवलंय, म्हणून तर विचारतेय. हे नववं रेघांचं दिसतंय."

काकांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम कुणी बसवला हे त्यांना ठाऊक होतं. ताईंनाही संशय होताच. पण काकांना तोंडावर कोण विचारणार?

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. एवढंच मागणं आहे: काही काढून टाकण्याआधी विचारा, आणि कुणी विचारलं तर खरं सांगा.

पडद्यावर प्रश्न उभा होता: काढू? हो की नाही?

"ताई, पेशंटचं बीपी उतरतंय," सिस्टर म्हणाल्या.

ताईंचं बोट 'हो'वर टेकलं.

"थांब!" काकांचा आवाज चिरकला. "सोळा काढ. नववं राहू दे. चिठ्ठ्या त्याच्यावरच चालतात. मी हातानं टाकला होता तो प्रोग्रॅम, नोंद न करता. चूक माझी आहे, पोरी."