पेस्सेई तीन, गन्नोमी दोन

माझे मार्गदर्शक फराहमंद सर, त्यांनी तेहरानहून फोनवर स्पष्टच सांगितलं, "एकीचं बोलणं म्हणजे तिची लकब, बोली नव्हे. अजून एक माणूस शोध, नाहीतर प्रबंधाचा विषय बदल."

अजून एक कुठून आणू? गावात जुनं बोलणारी माहलका खाला, म्हणजे मावशी, तेवढी उरली होती. दुसरी माझी आई, ती गेल्या हिवाळ्यात गेली. तरणी पोरं टीव्हीसारखं बोलतात, आणि मी तर तेहरानात जीभ घासूनपुसून घेतलेली.

त्यात खालाची तऱ्हा वेगळीच. रेकॉर्डर दिसला की बाई डोक्यावरचा रुमाल सारखा करून बातम्या दिल्यासारखं बोलणार. मी तिच्यापुढे पिस्त्याच्या रंगाची लोकर धरली. आमच्याकडे त्या रंगाच्या नावातला 'स' शेजारच्या 'त'ला गिळतो, 'पेस्सेई' म्हणतात. गव्हाळ रंगात 'न' तसाच 'द'ला खातो, 'गन्नोमी'. खाला सावकाश म्हणाली, "पेस्तेई. गंदोमी."

"खाला, घरात बोलतेस तसं बोल ना."

"मशीनसमोर घरातलं कशाला? लोक अडाणी म्हणतील."

मी वैतागून मागाकडे वळले. अर्धा गालिचा आई गेल्यापासून तसाच ताणलेला होता. एकीनं नक्षी बघून रंग आणि त्याच्या किती गाठी याची हाळी द्यायची, दुसरीनं तेच म्हणत गाठी मारायच्या, अशी आमची रीत. जोडीदारीण गेली की माग बंद.

मी आईच्या जागी बसले. "चल, एक ओळ तरी."

"तुला जमायचं नाही. पुस्तकं चाळून बोटं मऊ झालीत तुझी."

"तू सांग तर."

रेकॉर्डर समोरच चालू होता, खालाला तो दिसतही होता. पण हाळी देताना तेहरान कुणाला आठवतं? तिनं सूर लावला, "पेस्सेई तीन..."

"पेस्सेई तीन," मी म्हटलं.

"गन्नोमी दोन..."

"गन्नोमी दोन."

माझे हात अडखळत होते, तोंड नाही. थोड्या वेळानं खाला गप्प झाली आणि रुमालाच्या टोकानं डोळे टिपू लागली. मीही थांबले.

"तू कशाला थांबलीस?" ती म्हणाली. "ओळ अर्धी सोडत नाहीत. तुझ्या आईनं कधी सोडली नाही."

रेकॉर्डिंग पाठवल्यावर सरांचा फोन आला. आवाजात समाधान होतं. "दोघींचं अगदी एकसारखं आहे. आता विषय पक्का. दुसऱ्या बाईंचं नाव काय लिहू?"

माझ्या ओठांवर आईचं नाव आलं होतं. ते तसंच गिळून मी माझं सांगितलं.