देवघरातला गोटा

"फूल नेऊ नकोस. फूल सुकतं. दगड ठेव, म्हणजे कळतं कुणीतरी येऊन गेलं."

सिंगापूरला निघताना अलिबागच्या सिपोरामावशींनी एवढं सांगून माझ्या हातात समुद्रावरचा एक काळा गोटा दिला. मावशी आमच्या शेजारच्या, बेने इस्राएल. त्यांचे आजोबा बोटीवर फिटर होते. सिंगापूरला वारले आणि तिथल्याच ज्यू दफनभूमीत त्यांना पुरलं. घरचं कुणी तिथवर कधी पोचलं नाही. त्यांच्या थडग्यावर मी हा ठेवीन, असा शब्द दिला.

यिशुनच्या फ्लॅटमध्ये सामान लागेपर्यंत म्हणून गोटा देवघरात ठेवला. देवघरातल्या सगळ्यांना पाणी घातल्याशिवाय जेवायचं नाही, हा माझा नेम. त्यामुळे शाळिग्रामाबरोबर त्यालाही स्नान, गंध, फूल मिळू लागलं. मग पूजेतला दगड उचलायचा कसा? अशी अकरा वर्षं गेली. मावशी दर दिवाळीला फोनवर विचारायच्या, मी 'या महिन्यात जाते' म्हणायची. चातुर्मासात चुकून कांदा पोटात गेला तर मी दुसऱ्या दिवशी उपास धरते. या खोट्याला मात्र प्रायश्चित्त सुचलं नाही. गेल्या दिवाळीला मावशींनी विचारलंच नाही. तेच जास्त लागलं.

यंदा माझे यजमान, निशिकांत, निवृत्त झाले. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात इतकी वर्षं बोटींची कागदपत्रं केल्यावर त्यांनी हौसेने काढली ती बोटीचीच सहल. ऱ्हाईन नदी, आठ दिवस, जुनी गावं आणि ज्यू वारसा. जर्मनीतल्या व्होर्म्सला नऊशे वर्षांहून जुन्या थडग्यांवर लोकांनी खडे ठेवलेले दिसले. आमच्या गटातल्या प्रत्येकाने एकेक ठेवला. निशिकांतांनी दोन ठेवले, कारण पहिल्याचा फोटो हलला. मी नुसते हात जोडले. माझा दगड घरी होता, तुळशीच्या पानाखाली.

गाईडबाईंनी विचारलं, सिंगापूरला असं काही आहे का?

"छे. आमच्याकडे जुनं काही नाही, सगळे मॉल," निशिकांत म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा.

परत आल्यावर लेकीला, किमयाला, सगळं सांगितलं. तिने फोनवर शोधलं. जुनी ज्यू दफनभूमी ऑर्चर्ड रोडला होती. ऐंशीच्या दशकात तिथे मेट्रोचं धोबी घाट स्टेशन आलं आणि थडगी चोआ चू कांगला हलवली. दर मंगळवारी मी धोबी घाटलाच गाडी बदलून लिटल इंडियाला जाते. देवघरातली फुलं आणायला, त्यात त्या गोट्याचंही एक.

"आई, यू नेव्हर आस्क मी, लाह," किमया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

काल शनिवार, ज्यूंचा पाळायचा दिवस, म्हणून थांबले. आज सकाळी गोटा साध्या पाण्याने धुतला. अकरा वर्षांचं गंध निघायला वेळ लागला. फूल वाहिलं नाही. निशिकांत सोफ्यावर बसून अभयभावजींना व्होर्म्सचे फोटो पाठवत होते. मान वर न करता त्यांनी कुठे निघालीस म्हणून विचारलं.

"येते जाऊन," म्हटलं.

गोटा रुमालात बांधला आणि स्टेशनवर जाऊन नेहमीच्या उलट दिशेच्या, चोआ चू कांगकडे जाणाऱ्या गाडीत चढले.