मार्चपासूनचे तुकडे

“अहो चाचा, हा तुकडा कशाला? यात मँगनीज घातलेलंच नाही,” उत्कर्षा म्हणाली.

“माहीत आहे, ताई. तरी एकदा मोजा.”

“यंत्र थंड ठेवणारं हेलियम काय नळाला येतं?”

“माझ्यासाठी मोजा.”

प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षांच्या सेवेत मैनुद्दीनचाचांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे तिथे कोणाला स्मरत नव्हते. तिने यंत्र सुरू केले.

त्यांचे काम बाहेरून क्षुल्लक दिसे. अर्धवाहकाचे थरावर थर चढवून सिद्ध केलेला तिळाएवढा तुकडा चिमट्याने उचलायचा, पारदर्शक स्ट्रॉमध्ये बसवायचा आणि अतिशीत चुंबकमापकात सोडायचा. त्या थरांत मँगनीजचे मोजके अणू पेरलेले असत. तेथे इलेक्ट्रॉन एकेकटे वागत नाहीत, परस्परांचे भान राखतात आणि त्यातूनच साऱ्या अणूंचे चुंबकत्व एका दिशेला वळते, असे उत्कर्षाने त्यांना एकदा चहा पिताना सांगितले होते. असे चुंबकत्व कडाक्याच्या थंडीतच टिकते. तिच्या तुकड्यांत मात्र मार्चपासून ते खोलीच्या उबेतही टिकू लागले होते. सहा वर्षांच्या तपश्चर्येचे फळ असलेला तिचा शोधनिबंध उद्या पाठवायचा होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी पेढेही सांगून ठेवले होते.

काल तिने निबंधातल्या तारखा मोठ्याने वाचल्या, तेव्हा मैनुद्दीन यांच्या हातातला कप तसाच राहिला. मार्चमध्येच त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. प्लॅस्टिकच्या चिमट्यातून तुकडे निसटू लागले, म्हणून त्यांनी कसबा पेठेतल्या घरून वडिलांचा घड्याळदुरुस्तीचा पोलादी चिमटा आणला. रोज स्पिरिटने पुसला. सॅम्पलजवळ लोखंड आणू नये, हा नियम प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला शिकवणारे तेच. परंतु निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना हात गेल्याचे सांगणे त्यांच्याच्याने झाले नव्हते.

दुपारी पडद्यावर आलेख उमटला. मँगनीज नसलेल्या तुकड्यातही चुंबकत्वाचा तोच वळसा, तीच उंची.

उत्कर्षाने मार्चमधला आलेख शेजारी उघडून ताडून पाहिला. “कशाने उचलला होता?”

मैनुद्दीन यांनी खिशातला चिमटा काढून टेबलावर ठेवला. “अब्बांचा आहे. पोलादी. त्याचेच कण लागत असणार.”

“मार्चपासूनचे सगळे?”

“सगळे. हात थरथरतो माझा. सरांना मीच सांगतो, ताई. नाव माझं घ्या.”

“मग काय, अब्बांचं घेऊ?”

ती फोन घेऊन दाराबाहेर गेली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. “सर, पेढे रद्द करा. बाकीचं समोर सांगते.”

परतली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकचा कोरा चिमटा आणि एक डबी होती. “यातल्या तुकड्यांना अजून कोणी हात लावलेला नाही. बसवा.”

“मी?”

“मला कुठे येतंय? ‘राहू द्या ताई, मी आहे ना’ म्हणत आलात सहा वर्षं.”

“हात थरथरतो म्हटलं ना.”

“थरथरू दे. त्यात लोखंड तर नाही?”

मैनुद्दीन स्टुलावर बसले. डाव्या मुठीत त्यांनी उजवे मनगट घट्ट धरले. उत्कर्षाने आपली खुर्ची फिरवली आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

तुकडा निसटून काचेच्या बशीत पडल्याचा बारीक आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा झाला. मग तिसऱ्यांदा.

तिने मान वळवली नाही.