पुसलेला शेवटचा भाग

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. डबल कॅसेटचा, काळा, डावीकडचं झाकण जरासं सैल झालेला. आजवर माझ्या तोंडून लोकांनी दुसऱ्यांचेच आवाज ऐकले. आज पहिल्यांदाच मी माझं स्वतःचं सांगतोय, कारण जे घडलं ते माझ्याच पोटात घडलं. पाच महिने झाले, तरी माझा विश्वास बसत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरी. सगळे त्यांना कप्तान म्हणत. दर गुरुवारी रेडिओवर 'तेरावा पूल' ही मालिका लागायची आणि कप्तान मला रेडिओजवळ बसवून घरातल्यांना दम द्यायचे, "अर्धा तास मिक्सर लावायचा नाही. शिंकायचंसुद्धा बाहेर जाऊन!" एका पुलाच्या टोलनाक्यावर काम करणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट. चारशे बारा भाग झाले आणि मालिका संपली.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की रेडिओवाल्यांनी जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम भरले होते. त्यांच्याकडे एकही भाग उरला नव्हता आणि आमच्याकडेही थोडेच टिकले होते. कप्तान दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या : 'कुणी घरी टेप केले असतील तर कळवा.' त्यातून श्रोता मंडळ उभं राहिलं. शिलाई मशिन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानावरची खोली मिळाली, चौदा माणसं जमली, कप्तान अध्यक्ष झाले आणि मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. इथे कुणालाच पगार नव्हता. सगळे प्रेमापोटी यायचे.

ताई तिसऱ्या महिन्यात आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची, त्यामुळे हात विलक्षण हलका. कापसाच्या बोळ्यानं ती माझं फीत वाचणारं हेड पुसायची तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. कॅसेट हातात आली की आधी मागची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडायची, म्हणजे चुकून कॅसेटवर दुसरं काही भरलं जाऊ नये. मग पेन्सिल घालून फीत ताणायची, कानाला हेडफोन लावायची आणि पहिला संवाद ऐकू आला की स्वतःशीच हसायची.

आता या कामाची एक गंमत आहे. एका तासाची कॅसेट ऐकायला एक तासच लागतो. घाई चालत नाही. ही गंमत सुरुवातीला सगळ्यांना आवडते. दोन वर्षांनी चौदाचे नऊ झाले, पाच वर्षांनी पाच. कुणाची बदली झाली, कुणाला नातू झाला. जो जाईल त्याचं काम ताईकडे यायचं. रविवारचं काम होतं, त्यात बुधवार आला, मग शनिवार. तिचा नवरा बस-डेपोत मेकॅनिक. तो एकदा तिला घ्यायला आला आणि दारातूनच म्हणाला, "किती दिवस या लष्कराच्या भाकऱ्या भाजणार आहेस?"

"थोडेच राहिलेत रे," ती म्हणाली. थोडेच राहिलेत, हे मी तिच्या तोंडून चार वर्षं ऐकत होतो.

त्यातच भांडण लागलं. मंडळाच्या चिटणीस बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. हुशार, चटपटीत, सतत याद्या करणाऱ्या. पाठीमागे त्यांना सगळे यादीबाई म्हणत. त्यांचं म्हणणं, प्रत्येक भाग संगणकात घ्या आणि लगेच सगळ्यांसाठी खुला करा. कप्तानांचं म्हणणं, संगणकाचा काय भरवसा? आधी चांगल्या कॅसेटवर प्रत काढा, चारशे बारा पूर्ण होईपर्यंत बाहेर काही जाऊ द्यायचं नाही.

"मंडळ मी काढलंय!" कप्तान म्हणायचे.

"म्हणून ते तुमच्याबरोबर बुडायला हवं का?" बाई म्हणायच्या.

दोघंही मागे हटेनात. शेवटी दोघांचं मन राखायला ताईनं दोन्ही करायला घेतलं. संगणकाची वायर लावायची, शिवाय माझ्या उजव्या खणात कोरी कॅसेट घालून प्रतही काढायची. एका कामाची दोन कामं झाली आणि भांडणारे दोघंही खूश. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, म्हणतात ना, तसं ताईचं दोन्हींनी व्हायला लागलं. ती आता पहिल्या संवादाला हसत नव्हती. हेडफोन लावून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. एकदा हेडफोनची पिन माझ्यात घातलीच नव्हती, तरी ती पाऊण तास ऐकत होती.

अशात एक आजी आल्या. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बटणांच्या डब्यातून त्यांनी एक कॅसेट काढली. त्यात शेवटचा भाग होता, चारशे बारावा. तो कुणाकडेच नव्हता, कप्तानांकडेही नाही; त्या दिवशी आमच्याकडे वीज गेली होती. त्या गुरुवारी आजींची ड्यूटी होती, म्हणून बहिणीनं त्यांच्यासाठी टेप करून ठेवला होता.

"बहीण गेली," आजी म्हणाल्या. "काम झालं की परत द्या. दुसरं काही नको."

कप्तानांचे डोळे भरून आले. यादीबाईंनी टाळी वाजवली. दोघांनी एकदमच ताईला सांगितलं, "रविवारी हाच घे!"

रविवार. दुपारचे तीन. ताई सकाळी आठपासून बसली होती, ही सहावी कॅसेट. तिनं कॅसेट घेतली, पण पट्टी मोडली नाही. मी पाहिलं. मग तिनं कोरी कॅसेट डावीकडे घातली आणि आजींची उजवीकडे. उजवा खण भरायचा असतो. डावा वाजवायचा. नऊ वर्षांत तिचा हात एकदाही चुकला नव्हता.

तिनं बटण दाबलं.

मला ओरडता येत नाही हो! मला फक्त दुसऱ्यांचंच बोलता येतं. डावीकडून शांतता निघत होती आणि उजवीकडे मी ती शांतता आजींच्या कॅसेटवर भरत होतो. तीस मिनिटं. ताईचे डोळे उघडे होते. फीत संपून बटण खटकन वर आलं, तेव्हा तिनं सवयीनं वहीत लिहिलं : '४१२, झाला.' मग लेबल लावायला कॅसेट काढली आणि ती कुठल्या खणातून निघाली ते तिला दिसलं.

ती किंचाळली नाही. तिनं कॅसेट पुन्हा लावली, ऐकली, मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग जमिनीवर बसली, माझ्या टेबलाच्या पायाला पाठ टेकून, आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

पुढच्या रविवारी बैठक. आजींना ताईनंच फोन करून बोलावलं होतं. त्या खुर्चीवर बसायच्या आतच ताई म्हणाली, "आजी, माझ्या हातून पुसला गेला."

"सगळा?"

"सगळा."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लाव." मी ती शांतता वाजवली. बारीक खरखर, बाकी काही नाही. चार-पाच मिनिटांनी आजी म्हणाल्या, "इथे आमची मांजर ओरडायची. बहीण तिला हळूच म्हणायची, गप गं, माझ्या ताईसाठी टेप होतंय."

त्यांनी कॅसेट पर्समध्ये टाकली आणि कठडा धरत जिना उतरून गेल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत, दोषही दिला नाही.

त्यांच्या चपलांचा आवाज थांबलाही नव्हता तोच यादीबाई उसळल्या, "तरी मी म्हणत होते, तो कॅसेटच्या प्रतीचा हट्ट सोडा!"

"आणि रोज नवी यादी कोण पाठवत होतं?" कप्तान गरजले. मग ताईकडे वळून जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "झेपत नव्हतं तर सांगायचं होतंस. तू कधी बोललीच नाहीस."

ताईनं मान वर केली. "तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या, दादा. दोन महिने सुट्टी द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, तुझ्याशिवाय आहे कोण."

यादीबाईंचा चेहरा उजळला. "बघा! अध्यक्षांनी समितीपासून लपवलं!"

"बाई, चौथी तुम्हाला दिली होती," ताई म्हणाली. "तुम्ही तिच्या मागच्या बाजूला पुढच्या महिन्याची यादी लिहून मला परत दिलीत."

तिनं ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. पुढून तिचं अक्षर, मागून बाईंचं. खोलीची किल्ली तिच्यावर ठेवली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मंडळातला एक सभासद, भला माणूस, अगदी सहज म्हणाला, "ताई, पण पुढच्या रविवारी येशील ना?"

मी निर्जीव आहे म्हणतात. पण त्या प्रश्नानं माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो परक्या भाषेत बोलला. आणि गेली.

मंडळ फुटलं. यादीबाई संगणक घेऊन गेल्या. मी कप्तानांच्या वाट्याला आलो, खोलीतच, अंगावर जुना टॉवेल पांघरून. खोक्यात ऐकायच्या राहिलेल्या सदतीस कॅसेटी पडून होत्या.

गेल्या आठवड्यात कप्तान एकटेच आले. टॉवेल काढला, कापसाचा बोळा घेतला, माझं हेड पुसायला गेले आणि स्पिरिट सांडलं. एक कॅसेट लावून हेडफोन चढवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते पूर्ण तासभर माझ्यासमोर बसले. मग दुसरी. तिसरी अर्ध्यात आली तेव्हा त्यांनी कंबर धरली, हेडफोन काढला आणि वहीची पानं मागे मागे उलटत राहिले. पानोपानी तिचंच अक्षर. 'झाला. झाला. झाला.'

त्यांनी फोन लावला. "ताई, मी बोलतोय. काम काही नाही. तू कशी आहेस, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडून ताईचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "झोपले होते, दादा. आज दुपारी. दोन तास."

"झोप," कप्तान म्हणाले. "झोप तू." फोन ठेवून त्यांनी वही मिटली.

माझी डावी मोटर आता कुरकुरते, माझं फार दिवस राहिलेलं नाही. जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्याही मंडळात, संस्थेत अशी कुणी असेल, जिच्याशिवाय पान हलत नाही. तिचं कौतुक नंतर करा. आधी तिच्या हातातलं काम काढून घ्या आणि तिला घरी पाठवा. ती नको म्हणेल. तरीही पाठवा.