खुणेवर पाना

तेजरामच्या खिशात चौदा नंबरचा पाना होता आणि तो सकाळपासून मांडीला टोचत होता. टोचू दे. बाहेर काढला तर बाबाराव विचारणार, हा कशाला आणला. आणि त्याचं उत्तर देण्याइतकी छाती तेजरामच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती.

व्हॅन बाबारावांची. वीस वर्षांची म्हातारी, चार गिअरची. तिसरा गिअर चढावर आपोआप सुटायचा, म्हणून शीलाकाकू तो दांडा हाताने दाबून धरायच्या आणि नवरा गाडी चालवायचा. पोलाद कारखान्यातल्या मिलच्या मेंटेनन्समधून फोरमन म्हणून रिटायर झालेल्या माणसाला हे शोभत नव्हतं. बाबारावांनी पॉवर हाऊस वस्तीतल्या कबाड्याकडे भंगारात पडलेली एक नवी व्हॅन हेरली. पुढून चेपलेली, पण पोट साबूत. तिचा पाच गिअरचा गिअरबॉक्स काढला, आणि मागच्या चाकांच्या मधला डिफरन्शियलचा गोळाही तिचाच काढला. कबाडी म्हणाला, गोळा जुनाच राहू द्या, चालतो. बाबारावांनी त्याला तिथेच झापलं. गिअरबॉक्स एकीचा अन् गोळा दुसरीचा लावला तर स्पीडचा काटा खोटं बोलतो, म्हणाले, आणि खोटं बोलणारी वस्तू मी घरात ठेवत नाही.

ते दोन्ही बसवायला तेजरामला हुडकोला, रिटायर झाल्यावर घेतलेल्या घरी, बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, ये म्हटलं. तेजराम बावीस वर्षं त्यांच्या हाताखालचा फिटर. पण बाबाराव कंपनीचे, तेजराम ठेक्याचा. एकाच मशीनखाली एकाच तेलात माखायचं. एकाला तेव्हा सेक्टर सहात कंपनीचं क्वार्टर, दुसऱ्याला खुर्सीपारच्या नाल्याकाठी पत्र्याची खोली. ठेकेदार बदलला की ठेक्याच्या माणसाचा गेटपास जातो, आणि नव्याकडे शब्द टाकणारा कुणी नसला की माणूसही जातो. तेजरामसाठी तो शब्द दर वेळी बाबारावांनी टाकला होता. रिटायर झाल्यावरही. येत्या सोमवारी पुन्हा नवा ठेकेदार येणार होता.

आणि मिलमध्ये एक रीत होती. ज्याने नट आवळला त्याने त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ ओढायची, नटावरून थेट बोल्टापर्यंत. रेघ म्हणजे त्या माणसाची जबान. दुसऱ्याच्या रेघेवर पाना घालायचा नाही. तेजरामने नवा असताना एकदा घातला होता, बाबारावांच्याच रेघेवर, भाबडेपणाने, अजून आवळून पाहू म्हणून. बाबारावांनी तो पाना हिसकून वरून खाली फेकला आणि याला तीन दिवस गेटच्या बाहेर उभा ठेवला. माझ्या खुणेवर पाना घालतं, म्हणाले, तं माझ्या खुर्चीवर बस न.

आता शनिवारचं. दुपारी बाबाराव गाडीखाली होते. गिअरबॉक्सकडून येणारा लांब शाफ्ट मागे गोळ्याला जिथे जोडला जातो, तिथले चार बोल्ट ते आवळत होते. तेजराम पुढच्या बाजूने गिअरबॉक्समध्ये तेल भरत होता. नट पुरता बसला की शेवटच्या ओढीला करकर असा आवाज देतो. तेजरामने तो आवाज ऐकला. एकदा. दोनदा. मग बाबारावांचा फोन वाजला, मुलगा धनंजय पुण्याहून. बाबाराव बाहेर आले, बोलले, हसले, फोन ठेवला, परत खाली सरकले, आणि ब्रश मागितला. चार रेघा ओढल्या.

करकर दोनदा. रेघा चार.

आपण ऐकलं नसेल, असं तेजरामने स्वतःला समजावलं. पण त्याच संध्याकाळी शीलाकाकू हसत हसत सांगत होत्या की गेल्या आठवड्यात हे स्कूटर सिविक सेंटरच्या बाजारात विसरून ऑटोने घरी आले अन् मलाच विचारू लागले, स्कूटर कोणी नेली. सगळे हसले. बाबारावही हसले. तेजरामचं हसू ओठावरच राहिलं.

आज रविवार. तेजरामच्या मुलीला, उन्नतीला, कोंडागावला नर्सची नोकरी लागली होती, उद्या हजर व्हायचं होतं. बाबाराव म्हणाले, बसनं कावून जाता, नवा गिअरबॉक्स हाय, मी सोडतो. नाही म्हणायची सोय होती का? सकाळी तेजराम सगळ्यांच्या आधी सायकलने हुडकोला पोचला. सगळे झोपेत असताना गाडीखाली घुसावं, चार नटांवर पाना फिरवून गुपचूप बाहेर यावं. पण बाबाराव पहाटेच उठलेले. गाडी धुतलेली, चाकाखाली लिंबू, बोनेटवर काकूंच्या हाताचं हळदीकुंकू. बाबाराव पांढराशुभ्र शर्ट घालून स्टिअरिंगवर बसलेले. शाबासकी द्यावी तसं म्हणाले, लवकर आला.

उन्नतीला आणि तिच्या आईला खुर्सीपारहून घेतलं, आणि असे पाच जण निघाले. पुढे बाबाराव आणि काकू. मागे तेजराम, त्याची बायको सिंधुताई, आणि उन्नती. उन्नतीच्या मांडीवर स्टीलचा डबा, पायाशी पेटी. आणि पेटीखाली, तळाच्या पत्र्याखाली, तो शाफ्ट गरगर फिरत होता. मागचं टोक सुटलं तर काय होतं हे तेजरामला माहीत होतं. फिरता दांडा रस्त्यावर आपटतो, उसळतो, चाबकासारखा. ब्रेकची नळी तिथूनच जाते. पेट्रोलची टाकीही तिथेच. उन्नतीच्या पायाखाली.

धमतरीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. बाबारावांनी पाचवा गिअर टाकून दाखवला, काट्याकडे बोट केलं. बघ, खरं बोलून राहिला. तेजरामला वाटलं, आपणच पापी. मग चारामाच्या पुढे त्याच्या तळपायाला काहीतरी कळलं. आवाज नव्हे, नुसती मुंग्या आल्यासारखी थरथर. उन्नतीने डब्याचं झाकण दाबून धरलं. बाबा, हे कावून वाजून राहिलं, तिने विचारलं. रस्ता खराब आहे, तेजराम म्हणाला. रस्ता आरशासारखा होता.

कांकेरला चहाला थांबले. तेजराम चहा न घेताच गाडीच्या मागे गेला, गुडघा टेकला, आणि समोर बाबारावांच्या चपला येऊन उभ्या राहिल्या.

"काय पाह्यतं?"

"तेल गळते का पाहून राहिलो, काकाजी."

"तेल तू भरलं. मी पाह्यलं का वाकून? तू भरलं म्हणजे भरलं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाल, चहा थंडा होते. पोरगी नर्स झाली तं बाप डॉक्टर झाला का?"

काकू हसल्या, सिंधुताई हसली. तेजराम उठला. हीच ती वेळ होती. उभ्या उभ्या चार शब्द बोलले असते तर संपलं असतं. पण बावीस वर्षांची सवय मान वर करू देत नाही. ती भीतीसारखी दिसतही नाही. लोक तिला मान देणं म्हणतात. तेजरामने चहा घेतला. जीभ भाजली तरी त्याला कळलं नाही.

कांकेर सुटलं आणि आवाज आला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की टक. पुन्हा दाबला की टक. लोखंडावर लोखंड. बाबारावांना तो ऐकू येत नव्हता. येणार कसा? मिलमध्ये छत्तीस वर्षं लाल लोखंडाच्या गर्जनेत काढलेले कान ते. करकर झाली की नाही हेही त्यांना कानाने कधीच कळलं नसणार, ते सगळं हाताच्या आठवणीवर. आणि आता आठवण स्कूटर विसरत होती.

तेजरामने सिंधुताईचा हात धरला. चारचौघांत त्याने तो कधी धरला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचाही चेहरा उतरला. काहीतरी आहे, आणि ते हा सांगत नाही, एवढं तिला समजलं.

केशकाल घाट लागला. समोर ट्रकची रांग, मागे ट्रकची रांग, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल दरीत सालवृक्षांचे नुसते शेंडे दिसत होते, बुंधे नाहीत. बाबारावांनी दुसरा गिअर टाकला. टक. पहिलं वळण. टक, टक. तेजराम हिशेब करत होता, सुटला तर गाडी मागे घसरेल, मागचा ट्रक किती हातावर आहे, हँडब्रेक धरेल का. दुसऱ्या वळणावर पत्र्याखालून खर्र असा आवाज आला आणि उन्नतीने पाय वर घेतले.

"काकाजी, गाडी थांबवा."

"तेलीन मातेजवळ थांबू. वर मंदिर हाय."

"आत्ता थांबवा."

"कावून?"

तेजरामने खिशातून पाना काढला आणि बाबारावांच्या खांद्यावरून पुढे धरला, आरशात दिसेल असा. मग ओरडूनच बोलला, कारण हळू बोललेलं त्यांना पोचलं नसतं.

"मले तुमच्या खुणेवर पाना घालाचा हाय."

आरशात बाबारावांचे डोळे बारीक झाले. ते म्हणाले, अगदी शांतपणे, "बसाचं असन तं गुमान बस. नाही तं उतर."

सोमवार तेजरामच्या डोळ्यांपुढून गेला. गेट, नवा ठेकेदार, हातात नसलेला पास. मग त्याला उन्नतीचे वर घेतलेले पाय दिसले.

"उतरा," तो बायकोला आणि मुलीला म्हणाला. आणि चालत्या गाडीचा सरकता दरवाजा खाडकन उघडला. "काकू, तुमीबी उतरा."

शीलाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. आणि हँडब्रेक ओढला. ती बाई तिसरा गिअर दाबून धरत आली होती, कुठे काय सुटतं ते तिला नवऱ्याआधी कळत होतं. गाडी थांबली. मागचा ट्रक भोंगा वाजवत राहिला. उन्नतीने रस्त्याकडेचे दोन दगड आणून चाकांमागे लावले, बापाने न सांगता.

तेजराम पाठीवर पडून खाली सरकला. शाफ्टच्या टोकाशी चार पिवळ्या खुणा. दोन सलग, जशा ओढल्या तशा. तिसऱ्या नटावरची अर्धी रेघ फिरून भलतीकडे गेलेली. नट शेवटच्या आट्यावर, बोटाने हलवला तर हलला. चौथ्या जागी नटच नव्हता. बोल्ट आपल्याच भोकात लोंबत होता, त्याच्या टोकावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका.

अजून किती टिकलं असतं? एखाददुसरं वळण. फार तर तीन.

रस्त्यावरून आवाज आला. "किती?"

बाबाराव गुडघे टेकून, मान वाकडी करून खाली पाहत होते. पांढऱ्या शर्टाचा हात डांबराला लागला होता. तेजरामने दोन बोटं दाखवली.

बाबाराव दिसेनासे झाले. तेजरामला वाटलं, आता पाना येईल, फेकलेला. आला तो एक नट, म्हाताऱ्याच्या तळहातावर, सीटखालच्या सुट्या नट-बोल्टांच्या डब्यातून शोधून काढलेला. तेजरामने नट घेतला, बसवला, आवळला. करकर. तिसरा आवळला. करकर. मग पहिल्या दोघांवरही पाना घातला, रेघा सलग असूनही.

तो बाहेर सरकू लागला तेव्हा बाबाराव त्याच्या शेजारी खाली शिरत होते, पाठीवर, तशा शर्टात. दोघे फूटभर अंतरावर, नाकासमोर गरम लोखंड, बाजूने ट्रकची चाकं जाताहेत. बाबाराव वर पाहत होते. पुढे गिअरबॉक्सच्या काठावर, मागे गोळ्याच्या कडेला, सगळीकडे त्यांच्या हातच्या पिवळ्या रेघा.

"तेजराम."

"हो, काकाजी."

"यातले कोणते आवळले अन् कोणते नुसते रंगवले..." म्हाताऱ्याच्या आवाजात तेजरामने बावीस वर्षांत कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "मले आठवून नाही राहिलं, बावा."

तेजरामने पाना हातात घट्ट केला आणि पुढच्या रेघेवर घातला.