माझी ठिणगी विझवायला कुणी सांगितलं होतं?

मी एक जुनी तंतुकणिका आहे, मित्रांनो. ‘पेशीचे ऊर्जाघर’ एवढं उत्तरपत्रिकेत लिहून तुम्ही गुण घेता आणि मला विसरता. मी कुंडलच्या स्वप्नालीच्या उजव्या मांडीत राहते. आज मी गोड बोलणार नाही. मला भाजलं आहे.

आम्ही फक्त आईकडून येतो. स्वप्नालीची आई बनाबाई मेंढरांमागे मैलोन् मैल चालली, तेव्हा तिच्या अंगातल्या माझ्या थोरल्यांनी कधी कुरकुर केली नाही. मीही कामचुकार नाही.

स्वप्नालीला पोलीस व्हायचंय. भरतीत आठशे मीटर पळावं लागतं. पलूसच्या अकादमीत पहिल्या दिवशी तिला तीन मिनिटं बारा सेकंद लागले. तिथून आमचं काम वाढलं.

मी तुमचं अन्न श्वासातल्या प्राणवायूवर जाळते. जाळताना थोड्या ठिणग्या उडतात. उडायलाच हव्यात! ‘काम वाढलंय, कुमक पाठवा,’ हा आमचा निरोप असतो तो. मग नव्या तंतुकणिका तयार होतात, ठिणग्या आवरणारे घरचे राखणदार वाढतात. दोन महिन्यांत वेळ दोन अठ्ठावन्नवर आली. सगळ्यांनी स्वप्नालीला शाबासकी दिली. आमचं नाव कुणी घेतलं नाही. असू दे.

तेवढ्यात अकादमीचे धैर्यशील सर एक पांढरी डबी घेऊन आले.

“अँटिऑक्सिडंट हाय. द्राक्षाच्या बियांचा अर्क. रोज चार गोळ्या घ्यायच्या.”

“चार? सर, डबीवर एक लिवलंय.”

“अगं, द्राक्षं आपल्या पलूसची! आपल्या मातीतलं कवा बाधतंय व्हय?”

द्राक्षं खा की! घोसच्या घोस खा. पण एका गोळीत किती द्राक्षांच्या बिया कोंबल्यात, ते सरांनी मला विचारलं होतं का?

ते द्रव्य आत आलं आणि ठिणग्या गिळू लागलं. आधी निरोपच बंद पडला. नवी कुमक येईना, राखणदार सुस्तावले. मग पुढचा तमाशा. ठिणगी गिळलेला त्या द्रव्याचा कण स्वतःच पेटतो. एखादाच असला तर आजूबाजूचे राखणदार त्याला शांत करतात. इथे तर झुंबड होती. हे पेटलेले कण माझ्याकडून वीज ओरबाडून प्राणवायूच्या अंगावर फेकायचे. प्रत्येक फेरीला नवी ठिणगी. विझवायला आलेलेच पेटवत सुटले! माझी भिंत करपली. शेजारच्या दोघी फुटून गेल्या.

वेळ तीन मिनिटं दोन सेकंदांवर गेली.

“मन कच्चं हाय तुझं,” सर म्हणाले. “आणखी दोन वाढव.”

साताऱ्याच्या मैदानावर भरतीच्या दिवशी तिला तीन मिनिटं सहा सेकंद लागले. यादीत नाव आलं नाही. ती मैदानाच्या कडेला बसली आणि मांडीवर मुठी हाणत म्हणाली, “मेल्यांनो, दगा दिला तुमी!”

दगा आम्ही दिला? करपलेल्या अंगानं शेवटच्या फेरीपर्यंत जळत राहिलो आम्ही! आणि मार कुणाला? आम्हालाच.

मित्रांनो, हात जोडून नाही, बजावून सांगते. अंगात कशाची कमी आहे ते तपासून डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगळी. पण ‘ताकदीची आहे, अपाय नाही’ असं म्हणून कुणी मूठभर गोळ्या पुढे केल्या, तर त्याला विचारा, कुणाला तपासून देतोस? आमच्या घरात आग किती ठेवायची ते आम्हाला कळतं. आम्हाला जेवण द्या, झोप द्या.

घरी बनाबाई लेकीच्या मांड्यांना तेल चोळत होती.

“पायांना कशाला मारती गं? आदी लय झ्याक पळत हुते की. मग मधी काय बदललं?”

स्वप्नालीनं फळीवरच्या पांढऱ्या डबीकडे पाहिलं. तिचे स्नायू ताठ झाले, ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवी डबी पुढे केली. “खचायचं न्हाई. पुढच्या भरतीला रोज आठ घेऊ.”

“सर, तुमी घेता का ह्या?”

सर मोठ्यानं हसले. “मला कुठं पळायचंय गं?”

तिनं डबी त्यांच्या टेबलावर ठेवली.

“मला पळायचंय, सर.”